‘आमची हद्द नाही’ म्हटल्यावर

ठाण्यात गेलं की ‘घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही’ असं सांगून परत पाठवतात, आणि कोर्टात गेलं की ‘हा दावा या न्यायालयात चालू शकत नाही’ असा हुकूम हातात पडतो. दोन्हीकडे शब्द हद्दीचाच, पण दोन्हींचं वजन एक नाही. तक्रार लिहून घेताना पोलिसांना हद्द आड येत नाही. कायद्याने ती अडचण काढून टाकलेली आहे. न्यायालयाला मात्र हद्द असते, आणि ती गावाची, रकमेची, विषयाची अशी तिहेरी असते. तेव्हा ठाण्यात हटून बसावं आणि कोर्टात हद्द तपासूनच पाय ठेवावा. लोक नेमकं उलटं करतात. ठाण्यातून मुकाट घरी येतात आणि जवळ पडतं म्हणून वाटेल त्या कोर्टात दावा लावतात.

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी, दिवाणी आणि महसुली अशी तिन्ही कामं चालवताना जे रोज समोर येतं ते इथे लिहितो आहे. कोकणात हा घोळ जरा जास्त होतो, त्याला कारणं आहेत. घरातली माणसं मुंबई, गाव आणि गोवा अशी विखुरलेली. आंब्याचा माल देवगडचा, व्यापारी वाशीचा. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला रत्नागिरी जिल्हा, फेरीबोटीने पलीकडे बागमांडल्याला उतरलं की रायगड. कशेडी घाटात पोलादपूर संपून खेड कुठे लागतं हे अपघातानंतर कुणाला सुचत नाही. आणि पश्चिमेला समुद्र, जिथे हद्दीची खूण पाण्यावर दिसत नाही.

आधी पोलिसांचं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्येच लिहिलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची) खबर, गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असला तरी, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पद्धत त्याआधीही होती, पण आता ती थेट कलमात आहे. म्हणून कुणी नकार दिला तर ‘कलम १७३ प्रमाणे झिरोने नोंद घ्या’ एवढंच शांतपणे म्हणायचं.

समजा, गणपतीला मुंबईहून येणाऱ्या कुटुंबाची गाडी माणगावला जेवायला थांबली असताना फोडली, आणि दागिन्यांची पिशवी गेल्याचं चिपळूणला घरी पोचल्यावर लक्षात आलं. माणगावला परत जायची गरज नाही. चिपळूणला फिर्याद देता येते. छापील एफआयआरमध्ये घटनास्थळाचा रकाना असतो. त्यात ठाण्यापासून दिशा आणि अंतर, मग पत्ता, आणि त्याखाली ‘या ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्यास ठाण्याचं नाव व जिल्हा’ अशी ओळ असते. म्हणजे हद्दीबाहेरच्या फिर्यादीची सोय त्या कागदातच केलेली आहे. ही ओळ भरलेली आहे का, ते सही करण्याआधी पाहायचं. ती रिकामी राहिली तर गुन्हा वर्ग करताना कागद कुठे पाठवायचे यावर पुन्हा पत्रव्यवहार सुरू होतो.

फिर्याद वाचून दाखवणं, त्यावर सही घेणं आणि प्रत विनामूल्य देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. क्रमांक शून्याने पडतो. मग कागद माणगावला जातात आणि तिथे नियमित गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडतो. विमा कंपनी, बँक, मोबाईल कंपनी पुढे जो क्रमांक मागते तो हा दुसरा. लोक शून्याची प्रत घरी ठेवतात आणि काम झालं असं समजतात. पहिल्या ठाण्यातून जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आठवड्याने दुसऱ्या ठाण्याला फोन करून तो सांगा आणि नवा गु.र.नं. विचारा. कागद दोन ठाण्यांच्या मध्ये कुठे आहेत हे शोधायला तोच जावक क्रमांक उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट, हॉटेलच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. तपास अधिकारी नेमला जाईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी हॉटेलमालकाला तारीख, वेळ लिहून चित्रण राखून ठेवण्याची लेखी विनंती पाठवा आणि तिची प्रत फिर्यादीला जोडा. बलात्काराच्या गुन्ह्यात तर वर्ग होण्याची वाट पाहायचीच नसते. खबर मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावं लागतं, आणि ते काम पहिल्या ठाण्याचं.

फिर्याद ऑनलाइन दिली असेल तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, तेव्हाच ती एफआयआर म्हणून नोंदली जाते. ३ वर्षं किंवा अधिक पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. ही चौकशी प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का, एवढ्यापुरती असते. ती हद्द ठरवण्यासाठी नसते.

यात सर्वांत जास्त फसगत होते ती ‘अर्जा’मुळे. तक्रार अर्ज म्हणून घेतात, आवक शिक्का मारून एक प्रत परत देतात, आणि माणूस समाधानाने घरी जातो. तो शिक्का म्हणजे अर्ज पोचल्याची खूण. त्यावर गु.र.नं. नाही, कलम नाही, तपासी अंमलदाराचं नाव नाही. तसंच अदखलपात्र नोंदीचं. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. हातातला कागद कोणता आहे, हे ठाण्याची पायरी उतरण्याआधी वाचून घ्या.

नकारच मिळाला तर तक्रारीचा मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना. रायगडचे अलिबागला, रत्नागिरीचे रत्नागिरीला, सिंधुदुर्गचे ओरोसला. टपालाची पावती आणि पोच जपून ठेवा, कारण त्यापुढची पायरी मॅजिस्ट्रेटची आहे आणि तिथे अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा व प्रतिज्ञापत्र लागतं. पोच नसल्याने चांगले अर्ज मागे पडताना दिसतात. आणि इथे हद्द पहिल्यांदा खरी आड येते: हा अर्ज घटना जिथे घडली तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करावा. चुकीच्या मॅजिस्ट्रेटकडे लेखी फिर्याद गेली, तर ते योग्य न्यायालयात दाखल करण्याचा शेरा मारून परत देतात. कागद वाया जात नाही, महिने जातात.

आता एक गोष्ट, जी ठाण्यातही नीट सांगितली जात नाही. पुष्कळदा ‘झिरोने घेतो’ म्हणतात तेव्हा हद्द मुळात त्यांचीच असते. गुन्ह्याचा खटला साधारणपणे जिथे गुन्हा घडला तिथे चालतो, हा त्याच संहितेच्या कलम १९७ चा नियम. पण त्यानंतरच्या कलमांनी हद्द रुंद केली आहे. कृत्य एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे, तर दोन्हीकडे चालतो. पत्र किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशाने फसवणूक झाली तर संदेश जिथून निघाला तिथे किंवा जिथे पोचला तिथेही चालतो. प्रवासात घडलं तर त्या प्रवासात ज्या न्यायालयांच्या हद्दीतून माणूस किंवा माल गेला त्यांपैकी कुठेही. म्हणून मालवणातल्या घरगुती निवासाच्या नावाने खोटी जाहिरात करून कणकवलीच्या माणसाकडून मोबाईलवर आगाऊ पैसे उकळले असतील, आणि फसवणारा कुठल्याही राज्यात बसलेला असेल, तरी संदेश कणकवलीत पोचला आणि पैसे तिथूनच गेले. कणकवलीला नियमित गुन्हा दाखल होतो. फिर्यादीत ‘मी कणकवली येथे घरी असताना मला अमुक क्रमांकावरून संदेश आला व मी येथूनच रक्कम पाठवली’ हे वाक्य हवं. ते नसलं की गुन्हा फसवणाऱ्याच्या खात्याच्या शाखेकडे वर्ग होतो आणि फिर्यादीला तिकडून फोनही येत नाही. पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवणं हे याच्याही आधीचं काम. तिथे तर हद्दीचा प्रश्नच नाही.

सासरचा छळ सोसून माहेरी आलेल्या मुलीला आजही सांगितलं जातं, ‘छळ मुंबईत झाला, तिकडे जाऊन तक्रार द्या.’ हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात ठरवून दिलं की छळामुळे घर सोडून स्त्रीने जिथे आसरा घेतला तिथेही तक्रार चालू शकते, कारण मनावरचा घाव तिथेही चालूच असतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ मध्ये तर ती तात्पुरती राहते ते ठिकाणही पुरेसं आहे. माहेरच्या पत्त्याचा एखादा पुरावा, सरपंचाचा दाखला किंवा दवाखान्याचा कागद, जोडला की झालं. अंगावर एक पिशवी घेऊन आलेल्या बाईला रात्रीच्या गाडीने मुंबईला परत पाठवणं हा सल्ला कुणीही देऊ नये.

चोर पकडून दिला, पण खटला चुकीच्या तालुक्यात चालला म्हणून सुटला, अशी भीती लोकांना असते. तसं होत नाही. चुकीच्या जिल्ह्यात किंवा विभागात खटला चालला, एवढ्याच कारणाने निकाल रद्द होत नाही. न्यायात खरोखर बाधा आली हे दाखवावं लागतं. तपासावरही ‘या अधिकाऱ्याला हद्दच नव्हती’ एवढी एकच हरकत घेऊन तो पुसता येत नाही.

पोलिसांना जिथे खरोखर अधिकार नाही ते क्षेत्र वेगळं आहे, आणि कोकणातली निम्मी भांडणं तिथलीच. गडगा (दगडी कुंपण) पाडला, पायवाटेवर काटेरी कुंपण घातलं, सामायिक झाडाचे आंबे काढले, सातबाऱ्यावर नाव लावलं. ठाण्यातून ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असं उत्तर येतं. मारहाण किंवा घरात घुसणं झालं असेल तर तेवढ्या भागाची फिर्याद घ्यावीच लागते, पण जमीन कुणाची हे ठाणं ठरवू शकत नाही. आणि ‘कोर्टात जा’ हे उत्तरही अर्धवट, कारण वाटेच्या भांडणाचं पहिलं कोर्ट तहसील कार्यालयात भरतं.

पूर्वापार वापरात असलेली शेताची वाट किंवा पाण्याचा पाट कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करायचा. मुदत अडवल्यापासून ६ महिने. ही मुदत गेली की तहसीलदारांचा अधिकारच संपतो, मग दिवाणी न्यायालय. वाट मुळात नव्हतीच आणि आपल्या जमिनीत जायला दुसऱ्याच्या बांधावरून नवी हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. हे दोन अर्ज एकमेकांत मिसळले की काम हमखास बिघडतं. कलम १४३ च्या अर्जात ‘आमची वडिलोपार्जित वाट अडवली’ असं लिहिलेलं असतं, किंवा कलम ५ च्या दाव्यात ‘जायला रस्ता नाही, मिळावा’ अशी मागणी. समोरचा वकील तेवढ्यावर अर्ज पाडतो, आणि तोवर ६ महिने उलटलेले असतात. दाव्यात वाट कुठून कुठे जाते, रुंदी किती फूट, कोण कोण वापरतं, कोणत्या तारखेला काय टाकून अडवली, हे सर्व्हे व हिस्सा नंबरासह लिहा आणि हातनकाशा जोडा. तहसीलदार स्थळपाहणीला आले की नकाशातली वाट पायाखाली सापडली पाहिजे. पावसाळ्यात गवत छातीएवढं वाढतं आणि वाट दिसेनाशी होते, म्हणून शिमग्याच्या सुमाराचे फोटो काढून ठेवलेले बरे. कलम ५ च्या निकालावर अपील नाही, फेरतपासणी आहे. कलम १४३ च्या निकालाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

कुळाचा प्रश्न याहून जड. सारा वसुलीची खोती पद्धत गेली, कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन होऊन गेला, तरी इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव असलेले सातबारे आजही आहेत. एखादा माणूस कूळ आहे की नाही, हे दिवाणी न्यायालयाला ठरवताच येत नाही. कूळकायद्याच्या कलम ८५ ने ते दार बंद आहे. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने ‘मी कूळ आहे’ असं कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, मांडलं आणि तसा मुद्दा निघाला, की कलम ८५ अ खाली दावा थांबतो आणि तेवढा प्रश्न तहसीलदारांकडे जातो. त्यावर अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरण, आणि मग उत्तर घेऊन दावा पुन्हा सुरू. म्हणून ताब्याचा दावा लावण्याआधी १९५० च्या दशकापासूनचे फेरफार आणि जुने सातबारे काढून वाचणं हे पहिलं काम. कुळाची नोंद दिसली तर आधी तहसीलदार.

याच्या उलट महसुलाला मालकी ठरवता येत नाही. फेरफार मंजूर झाला म्हणजे जमीन आपली झाली असं नाही, आणि रद्द झाला म्हणून गेली असंही नाही. मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयावर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील ६० दिवसांत, ते जरूर करावं, पण मृत्युपत्र खरं की खोटं, वाटणी झाली होती की नाही, याचा निवाडा दिवाणी न्यायालयच देतं. भूमी अभिलेखचा मोजणीदार खुणा दाखवतो. ताबा देणं किंवा गडगा पाडणं त्याच्या कामात बसत नाही. खारफुटी तोडून भराव घातला तर तो प्रश्न पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे. त्या कायद्याच्या विषयात दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही.

दिवाणी दाव्यात जागेचा नियम साधा आहे. स्थावराचा दावा जमीन जिथे तिथेच. मुंबईत राहणाऱ्या भावांनी गुहागरच्या घराच्या वाटपाचा दावा मुंबईत लावून चालत नाही. पैशाचा दावा प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण जिथे पूर्ण वा अंशतः घडलं तिथे. बिलावर तळाला ‘वाद मुंबई न्यायालयाच्या कक्षेत’ असं छापलेलं असतं. ज्या दोन न्यायालयांना मुळात अधिकार आहे त्यांतलं एक निवडायला ते चालतं, नसलेला अधिकार त्याने निर्माण होत नाही. धनादेश वटला नाही तर खटला, धनादेश ज्याच्या नावाचा त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. वाशीच्या शाखेत भरला तरी खातं देवगडचं तर कोर्ट देवगडचं. परत आल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवसांची मुदत, ती संपल्यापासून महिन्यात फिर्याद. ग्राहक आयोगात आणि मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत अर्जदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. कशेडीत अपघात झाला म्हणून वेंगुर्ल्याच्या कुटुंबाने खेड गाठायचं कारण नाही. अपघाताचा अर्ज ६ महिन्यांत करायचा आहे, तेवढं विसरू नका.

दावा चुकीच्या कोर्टात पडलाच तर काय होतं ते सांगतो. जागा किंवा रक्कम चुकली असेल तर न्यायाधीश दावा फेटाळत नाहीत, परत देतात. दाव्यावर दाखल केल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, दाखल करणाऱ्याचं नाव आणि थोडक्यात कारण असा शेरा लिहिला जातो. परत दिला आणि फेटाळला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परत देण्याआधी वादीने अर्ज केला तर नव्या कोर्टातली हजर राहण्याची तारीखही इथेच ठरवून मिळते, म्हणजे समन्स पुन्हा बजावत बसायला नको. नव्या कोर्टात मात्र काम पहिल्यापासून सुरू होतं. नोंदलेला पुरावा पुढे चालू राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा मिळतो, पण काम सद्‌भावनेने आणि नेटाने चालवलं होतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी रोजनाम्याच्या (कोर्टातल्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीच्या) नकला काढून ठेवा.

प्रतिवादीच्या बाजूने असाल तर जागेची आणि रकमेची हरकत कैफियतीतच, मुद्दे निघण्याआधी घ्या. नंतर ती ऐकली जात नाही. विषयाच्या हद्दीचं तसं नाही. ज्या न्यायालयाला तो विषयच नाही त्याचा हुकूमनामा मुळातून पोकळ असतो, आणि ती हरकत दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीच्या वेळीसुद्धा, उभी राहते. दहा वर्षं लढून मिळवलेला हुकूमनामा कुळाच्या एका मुद्द्यावर कोसळताना पाहणं फार वाईट असतं.

समुद्रावर हद्द मैलांत मोजतात. आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे प्रादेशिक जल. २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. दाभोळ, जयगड, पूर्णगड, नाटे, विजयदुर्ग, आचरा, निवती अशी सागरी ठाणी किनाऱ्यावर आहेत, पण १२ मैलांपलीकडे राज्याचा अधिकार संपून केंद्राचा सुरू होतो. २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २०.५ मैलांवर इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार गेले. गुन्हा केरळ पोलिसांनी नोंदवला होता. १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा अधिकार केरळ राज्याचा नाही, केंद्राचा आहे. प्रकरण पुढे आंतरराष्ट्रीय लवादात गेलं आणि २०२१ मध्ये १० कोटी रुपये भरपाईवर मिटलं. काही मैलांच्या फरकाने माणसांच्या मरणाचा खटला कुणी चालवायचा हे बदललं.

म्हणून तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) घटना घडली त्या क्षणी जीपीएसवर खूण मारायची. अक्षांश-रेखांश, वेळ, पाण्याची खोली किती वाव, समोरच्या नौकेचं नाव, रंग आणि क्रमांक. भारतीय नौकेच्या क्रमांकात ‘आयएनडी’नंतर राज्याची अक्षरं असतात, तेवढी वाचता आली तरी नौका कुठली ते कळतं. बंदरात आल्यावर आठवून सांगितलेली जागा पाच-सात मैल इकडेतिकडे होते आणि तिथेच प्रकरण पातळ होतं. जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

परप्रांतीय ट्रॉलरने जाळी तोडली तर त्यात दोन वेगळी प्रकरणं असतात. बंदी असलेल्या क्षेत्रात किंवा बंदी असलेल्या पद्धतीने मासेमारी केली, हे सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चं उल्लंघन. ते मत्स्यव्यवसाय विभागाकडे जातं, आणि तो कायदा राज्याच्या प्रादेशिक जलापुरताच. जाळीचं नुकसान, धडक, मारहाण हे पोलिसांचं. नुकसानीच्या रकमेवर गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र हे ठरू शकतं, म्हणून जाळी खरेदीच्या पावत्या, किती तुकडे गेले, वजन, हे फिर्यादीतच घाला. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या. एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. आणि प्रेत किनाऱ्याला लागलं तर अकस्मात मृत्यूची नोंद जिथे ते सापडलं त्या ठाण्यात होते, बुडाल्याची घटना दुसऱ्या जिल्ह्यातली असली तरी. हरवल्याची नोंद गावी केलेली असेल तर तिचा क्रमांक आजूबाजूच्या सगळ्या सागरी ठाण्यांना कळवून ठेवा.

दक्षिण टोकाला तेरेखोल. नदीच्या उत्तर काठावरचा किल्ला आणि गाव गोव्याचं, भोवताली सिंधुदुर्ग. रेडीहून रस्त्याने गेलेल्या पर्यटकाला राज्य बदलल्याचं कळतही नाही, पण तिथे घडलेल्या गुन्ह्याचा तपास गोवा पोलिसांचा आणि खटला गोव्यातला. दिवाणी हुकूमनाम्याचंही तसंच. कुडाळच्या कोर्टाने दिलेला हुकूमनामा पेडण्यातल्या मालमत्तेवर थेट बजावता येत नाही. तो तिथल्या कोर्टाकडे बजावणीसाठी पाठवून घ्यावा लागतो.

परराज्यातले पोलीस गावात येऊन मुलाला घेऊन जातात तेव्हा घरच्यांना वाटतं की त्यांना इथे अधिकारच नाही. अधिकार असतो. पाठलाग करून भारतात कुठेही अटक करता येते. पण अटकेचा पंचनामा, कारणं लेखी, नातेवाइकाला खबर आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं, हे चुकत नाही. त्या मॅजिस्ट्रेटला मूळ गुन्ह्याची हद्द असो वा नसो, हजर करायचंच, आणि न्यायचं तर ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला दुसरीकडे नेण्यापुरता ताबा, घ्यायचा. स्थानिक ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीला नोंद झाली का ते विचारा, आणि ट्रान्झिट रिमांडच्या वेळी वकील उभा करा. अटकेची चाहूल आधी लागली असेल तर इथल्याच सत्र न्यायालयात मर्यादित मुदतीचा ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात ते मान्य केलं आहे. तेवढ्या मुदतीत मूळ राज्यातल्या कोर्टात जायचं.

दुसऱ्या राज्यातल्या सायबर ठाण्याच्या पत्रावरून मासळी विक्रेतीचं किंवा रिसॉर्टवाल्याचं खातं गोठतं, तेव्हाही हेच. इथल्या मॅजिस्ट्रेटला ते उघडता येत नाही. बँकेकडून लेखी घ्यायचं: तक्रारीचा पोच क्रमांक, राज्य, ठाणं, आणि वादातली नेमकी रक्कम. मग त्या तपास अधिकाऱ्याला बिलं आणि ग्राहकाचे संदेश जोडून पत्र, आणि सगळं खातं न अडकवता वादातल्या रकमेपुरताच धारणाधिकार ठेवण्याची मागणी. ऐकलं नाही तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ चा अर्ज.

उच्च न्यायालयाची हद्दही बदलली आहे, आणि जुन्या सवयीने अजून मुंबईचा रस्ता धरला जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगड, ठाणे आणि पालघर मुंबईतच राहिले. बाणकोटच्या माणसाचं अपील आता कोल्हापूरला, बागमांडल्याच्या माणसाचं मुंबईला. नवं वकीलपत्र देण्याआधी आपलं प्रकरण कुठल्या फलकावर लागतं ते खटल्याच्या क्रमांकावरून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मुंबईत दाखल झालेली जुनी कामंही तिकडे वर्ग झालेली असू शकतात.